थंडीत थिजणारं तेल

"तुमचं एलडीएल एकशे नव्वदच्या वर आहे," गडचिरोलीचे डॉक्टर म्हणाले.

मी म्हटलं, "मशीन खराब असंल साहेब. माह्या अंगावर चरबी कुठी आहे, दाखवा."

"चरबी अंगावर नाही, रक्तात आहे. घरात कोणी हृदयाच्या झटक्याने गेलंय का?"

माझा थोरला भाऊ गेला होता, ऐन उमेदीत. छातीत दुखतं म्हणाला, तेव्हा गावातल्या बिनपदवीच्या डॉक्टरने गॅस म्हणून सुई टोचली आणि जमलेल्या शहाण्यांनी सोडा पाजला. संध्याकाळपर्यंत भाऊ संपला. तेच शहाणे तेरवीला पोटभर जेवून गेले. मी त्यांना माफ केलेलं नाही, करणारही नाही.

डॉक्टरांनी समजावलं ते असं. एलडीएल म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, रक्तवाहिन्यांत आतून साचत जाणारं. एचडीएल म्हणजे चांगलं, साचलेलं उचलून यकृताकडे परत नेणारं. हे मोजणाऱ्या रक्ताच्या तपासणीला लिपिड प्रोफाइल म्हणतात. तब्येत सुकडी असली म्हणून रक्त साफ असतं, हा गैरसमज. दुखत काहीच नाही, म्हणून माणूस निवांत राहतो आणि एक दिवस कोसळतो.

"स्टॅटिनची गोळी रोज एक. ती यकृताला कोलेस्टेरॉल कमी बनवायला लावते. मटण महिन्यातून एकदा, चरबी काढून. तळलेलं कमी, तंबाखू-सुपारीचा खर्रा कायमचा बंद. नाहीतर भावाच्या वाटेने जाल," ते म्हणाले.

मी कुरखेड्यात मोहफूल, हिरडा आणि टोळी, म्हणजे मोहाच्या बिया, यांचा व्यापार करतो. टपरीवर कप विसळून सुरुवात केली आणि इथवर आलो, ते पहिला भाव कधीच न मानल्यामुळे. आमच्या धंद्यात समोरचा वाढवूनच बोलतो. डॉक्टरचं बोलणंही मी तसंच ऐकलं. एवढं मागतोय, म्हणजे अर्ध्यावर सौदा पटेल. घरी येऊन गोळीचे दोन तुकडे केले. मटण दर रविवारऐवजी एक रविवार सोडून. खर्रा फक्त जेवणावर.

बाजारातलं तेल मात्र पूर्ण बंद केलं. त्याऐवजी टोळीचं तेल सुरू केलं. जंगलातलं, आपल्या डोळ्यांसमोर घाण्यातून निघालेलं. यात कसली आली भेसळ?

तोवर गावात बातमी पसरली होती. ज्यांना एलडीएल नीट म्हणता येत नाही, ते मला पथ्य सांगू लागले. एक म्हणाला लसूण गिळा, दुसरा म्हणाला गरम पाणी प्या, तिसऱ्याने मोबाइलवरचा व्हिडिओ माझ्या नाकासमोर धरला. माझा साळा एका कंपनीच्या चूर्णाची डबी घेऊन आला.

"जवाईबुवा, गोळ्या काऊन खाता? किडनी जाते त्यानं. हे घ्या, कहूच्या, म्हणजे अर्जुनाच्या सालीचं आहे."

"कहूची साल मीच विकतो बे. पोत्यात काय काय भरतात ते मले विचार."

तो रागावून गेला, डबी मात्र परत न्यायला विसरला नाही.

पुढच्या तपासणीत आकडा जेमतेम हलला होता. डॉक्टरांनी खोदून विचारल्यावर तुकड्यांची गोष्ट बाहेर आली. ते म्हणाले, "इथे बाजार भरलेला नाही. मी सांगितलं तेवढंच लागतं." मग त्यांनी तेल विचारलं. मी छाती काढून टोळीचं सांगितलं.

"थंडीत ते तेल कसं दिसतं?"

"तुपासारखं थिजते. थिजलं तरच असल माल. मी तसंच पारखून घेतो."

"असं थिजणारं तेल म्हणजे सॅच्युरेटेड फॅट जास्त. त्याच स्निग्धांशाने एलडीएल वाढतं. शुद्ध आहे, पण तुमच्यासाठी नाही."

उभी हयात ज्या खुणेवर माल घेतला, तीच खूण माझ्या विरोधात निघाली होती.

त्यानंतर मी पूर्ण गोळी घेतली. तेल जवळजवळ बंद, जेवढं लागेल तेवढं जवसाचं किंवा शेंगदाण्याचं. भाताचा ढीग अर्धा झाला आणि ताटात वरण, अंबाडीची भाजी, जवसाची चटणी वाढली. बोडीतले, म्हणजे गावच्या छोट्या तळ्यातले मासे चालतात, पण रश्श्यातले. खर्रा सुटताना मी घरात दोन भांडी फोडली. लग्नात "एका घासानं काय होते?" म्हणणाऱ्यांना मी पंगतीतच विचारलं, "माह्या तेरवीले येऊन राह्यले काय?" आता मला आग्रह होत नाही.

आकडा उतरला. डॉक्टर म्हणाले, "नुसत्या पथ्याने तुमचं भागणार नाही, गोळी चालूच राहील. हे घराण्यात असू शकतं. भावाच्या मुलाची तपासणी करा."

पुतण्या ट्रॅक्टर चालवतो, दंड माझ्या मांडीएवढे. "काका, मले काय धाड भरली?" म्हणाला. मी त्याच्याशी घासाघीस केली नाही. वहिनीने त्याला सकाळी तपासणीसाठी उपाशी ठेवला आणि मी दोघांना एसटीत बसवून घेऊन गेलो. त्याचं एलडीएल माझ्यापेक्षा जास्त निघालं. कागद पाहून त्याचा चेहरा उतरला, पण वेळेत उतरला. आता तोही रोज गोळी घेतो.

त्या दिवशी परतताना बसमध्ये वहिनी माझ्या शेजारी बसली होती. म्हणाली, "भाऊजी, तुमच्या भावाचंबी रक्त असंच तपासलं असतं त?"

मी पुतण्याच्या तपासणीचा कागद घडी घालून खिशात ठेवला.

त्या डॉक्टरचे मी तोंडावर आभार मानलेले नाहीत, ते माझ्याने होत नाही. इथे मानतो. आणि तुमच्या घरी कोणी असा अचानक गेला असेल, तर गावातल्या शहाण्यांना न विचारता उद्या सकाळी रक्त तपासायला देऊन या.