न नांगरलेला गहू

पडाव पेठेत मिळणारी शेतीची आणि सुधारणेची पत्रकं वाचून मी वाढलो. छापलेलं ते सगळं खरं, अशी माझी समजूत होती. ती समजूत निम्मी अजूनही आहे.

उत्तर हिंदुस्थानातल्या आमच्या शहराबाहेर, हजीऱ्यापलीकडे, कालव्याकाठी, पूर्वजांच्या शिपाईगिरीबद्दल दरबाराने दिलेली आमची जमीन होती. घरात तलवार गंजत होती आणि शेत तिथलंच एक जोडपं बटईने, पिकाच्या वाट्यावर, कसत होतं. त्या उन्हाळ्यात नवरा वारला. बाईने (मी तिला काकी म्हणायचो) भावाला बोलावून भात लावलं, पण भाऊ आपल्या गावी परतला. भातानंतर गव्हाची पाळी होती आणि नांगर धरायला कोणी उरलं नव्हतं. बाईने नांगराला हात लावला तर पाऊस रुसतो, असं गाव मानायचं.

पलटणीत चाकरी केलेल्या माझ्या काकांनी तिला बजावलं, "कार्तिकी पौर्णिमेला येईन. गहू उगवलेला दिसला नाही तर शेत दुसऱ्याला."

मी भडकलो. जेवताना विचारलं, "बाईने नांगर धरू नये, हा कायदा कोणी केला?"

"आधी तू धरून दाखव, पत्रकबहाद्दर," काका म्हणाले आणि आमटी वाढून घेतली.

दुसऱ्याच दिवशी मी लोखंडी नांगर आणि बैल घेऊन शेतावर हजर झालो. एका कोपऱ्यातलं हळवं, लवकर पिकणारं भात कापून झालं होतं. काकीला म्हटलं, "धरा!" ती हसून मागे सरली. मग मीच धरला. दहा पावलांत बैल गुडघ्यापर्यंत रुतले आणि नांगर आडवा झाला. बैल बाहेर काढायला शेजारचे चौघे लागले.

"लला, गीली माटी में हल?" काकी म्हणाली. रोपणीला चिखल केलेली ती काळी जमीन पाणी धरून बसते. ती वाळेपर्यंत थांबलं तर पौर्णिमा उलटणार, आणि वाळली की डोक्याएवढी ढेकळं निघणार.

तिने वेगळंच ठरवलं होतं. गव्हाचं बी भिजवून त्याला शेण आणि राख चोळली, आणि उभ्या, पिकत आलेल्या भातातच मुठीमुठीने फेकायला लागली. तिची सासू याच रीतीने हरभरा टाकायची.

"अहो काकी, पत्रकात गव्हाला सात वेळा नांगरायला सांगितलंय!"

"तो पत्रक वाले को बुला लो. बैल बनके खींचे."

मी गोफण उचलली. पाखरं राखायचं काम माझ्याकडे आलं. कंटाळा आला की मी पत्रकं मोठ्याने वाचायचो. काकीच्या मते पाखरं गोफणीपेक्षा त्यालाच जास्त भ्यायची. पंधरा दिवसांनी भात कापलं, तेव्हा खाली बोटभर कोंब होते. विळा जरा वरून चालवायचा आणि पाय जपून टाकायचा, एवढंच पाहावं लागलं.

पौर्णिमेला काका आले. बांधावरून त्यांना नुसती धसकटं दिसली. "नांगरट कुठे आहे?"

"खाली वाकून बघा," मी म्हणालो. काकी पदर डोक्यावर ओढून उभी होती.

काका वाकले. धसकटांमध्ये गहू दाट उगवला होता. त्यांनी एक रोप उपटलं, मूळ पाहिलं, आणि शेवटी जुन्या पलटणीच्या आवाजात तक्रार केली, "ओळीत नाहीत!"

"हुजूर, पेट में जाके कतार लगा लेंगे," पदराआडून उत्तर आलं.

काका इतके हसले की पगडी सावरावी लागली. शेत तिच्याकडेच राहिलं.

पुढच्या आषाढात भातासाठी चिखल करायचा होता. तिथे नांगराशिवाय चालत नाही. भावाची वाट न बघता काकीने पदर खोचला आणि स्वतः नांगराचं रुमणं धरलं. बांधावर अर्धं गाव जमलं होतं, काकाही होते. चिखलातली पहिली रेघ वाकडी गेली.

"ओळ सरळ!" काका ओरडले.

काकीने मागे न बघता बैल वळवले.