टेबलाला पाजायची दारू

बाटलीचं बूच सहदेव सुतारानं खटखटणाऱ्या खिडकीच्या फटीत ठोकलं आणि बाटलीच्या तोंडात चिंधीचा बोळा कोंबला. चूक म्हणाल तर एवढीच. पण बोळ्याचं शेपूट बाहेर लोंबत राहिलं, बाटली अंगणात उन्हाला राहिली, आणि सहदेव सासुरवाडीला जाऊन आठवडाभर जेवत राहिला. परत येऊन बघतो तर बाटलीच्या बुडाशी बैलाच्या डोळ्यात मावेल एवढं पाणी.

बाटली साधी नव्हती. चौक गावाच्या वर, माथेरानच्या डोंगरावर साहेबलोकांचे बंगले उठून वीस-पंचवीस वर्षं झाली होती. त्यातल्या एका बंगल्याचं टेबल आणि सहा खुर्च्या पालीश करायला सहदेवाकडे उतरल्या होत्या. पालिशाला चपडी लाख, आणि लाख विरघळवायला मुंबईहून आणवलेलं इस्पिरिट. जन्मभर नांगर आणि बैलगाडीची चाकं केलेल्या माणसाला असलं काम मिळत नाही. बंगल्याचे कारभारी आबाजी यांनी ते दिलं, ते एका बोलीवर: होळीच्या आत काम चोख झालं, तर बंगल्याची सगळी दारं-खिडक्या सहदेवाकडे. नाही झालं, तर मुंबईचा मिस्त्री येईल आणि सहदेवानं खुशाल नांगर ताशीत बसावं.

"इस्पिरिट उडालं," सहदेव म्हणाला.

आबाजींनी बाटली उलटी करून पाहिली, मग सहदेवाचं तोंड हुंगलं.

"उडालं, की उडवलं?"

"देवाशपथ उडालं! वाफ होऊन गेलं."

"अरे, मुंबईपासून चौकापर्यंत बाटली गाडीत हिंदकळत आली, तेव्हा नाही उडालं. तुझ्या अंगणात येऊन बरे त्याला पंख फुटले! दुसरं मिळायचं नाही. काय करायचं ते कर. होळी."

सहदेव दारूला शिवत नसे. हा काही मोठा सद्गुण नव्हे, त्याला वासानंच मळमळायचं. पण ते "उडालं" गावभर झालं. पिंपळाच्या पारावर बसलेली पोरंसुद्धा त्याला बघून हात पंखासारखे हलवू लागली. सुतारकीत कधी कुणाचा शब्द ऐकून न घेतलेल्या माणसाला हे सोसवेना. इस्पिरिट म्हणजे कडक दारूच ना? मग आपणच करू, म्हणाला, आणि गेला दुकानात.

सरकारी मक्त्याच्या दारूच्या दुकानात सहदेव पहिल्यांदाच आलेला बघून दुकानदारानं उठून फळी पुसली. सहदेवानं घागर पुढे केली.

"घागरभर?" दुकानदार म्हणाला. "सुतारदादा, पहिल्या दिवशी एवढी नको."

घरी आणून त्यातल्या वाटीभरात लाख टाकली. लाख विरघळायची सोडून दही फाटावं तशा पांढऱ्या गुठळ्या झाल्या. दुकानातली दारू निम्मी पाणी. सहदेवानं कपाळावर हात मारला आणि ठाकरवाडीवरून लडकूला बोलावून आणलं. लडकूच्या आज्यापणज्यांनी डोंगरातल्या ओढ्याकाठी मोहाची दारू गाळली होती. घरी दारू गाळायला बंदी करणारा कायदा आल्यापासून लडकू गाळत नव्हता. निदान विचारणाऱ्याला तसं सांगत होता.

"मला लई कडक पायजे," सहदेव म्हणाला. "काडी लावली तर निळी पेटली पायजे."

"पाहुणं कोण येणार हायेत?" लडकूनं आदरानं विचारलं.

"पाहुणं नाय रं. टेबलाला पायजे."

लडकूनं टेबलाचे पाय हलवून बघितले. मग म्हणाला, "चारी पायांवर नीट उभा हाय की. ह्याला कशाला पाजताय?"

समजावून समजावून सहदेवाच्या घशाला कोरड पडली. लडकूला लाख कळली, पालीश कळलं, चकाकी कळली. पण पहिल्या धारेची दारू लाकडावर पुसायची, हे काही त्याच्या गळी उतरेना. ती उतरवायला दुकानातलीच घोटभर द्यावी लागली. मग त्यानं सांगितलं, की दुकानातलीच दारू पुन्हा उकळून तिची वाफ धरायची, परत उकळायची, परत धरायची. पण त्याला ओढा लागतो, मोठाली मडकी लागतात, धूर होतो, आणि धूर झाला की शिपाई येतो.

"ओढा नको नि धूरबी नको," सहदेव म्हणाला. "मी घरात मावंल आशी भट्टी करतो."

इथं सहदेवातला सुतार जागा झाला, आणि तिथंच सगळा घोळ झाला. दुसऱ्या कुणी तीन दगड मांडून भागवलं असतं. ह्यानं सागवानी चौकट केली. चौकटीला सांधे पाडले, सांध्यांना खुंट्या मारल्या. वर मडक्यापुरतं भोक, खाली शेगडीला कप्पा, पुढे दोन झडपा. झडपांवर मोरही कोरले, कारण मोकळं लाकूड त्याला बघवत नसे. सगळं मिळून कमरेएवढं. शेजारच्या बायका येऊन बघून गेल्या आणि जाताना नमस्कार करून गेल्या.

"आवं, देव्हारा वाटतोय त्यास्नी," बायको सोनाबाई म्हणाली. "उद्या हळदकुंकू घिऊन येतील. काय सांगू, आत कंचा देव हाय?"

"वाटू दे देव्हारा. शिपायालाबी वाटू दे."

"आनि लाखंचा वास? तुमच्या आंगाला येतोय तो? भाकरीला येतोय तो? दारूड्याशी लगीन लावलं आसतं तर निदान संध्याकाळी गाणी तरी ऐकली आसती!"

सहदेवानं मोराचा तुरा घासायला घेतला. राहिलं होतं ते फक्त नळीचं. बांबूची नळी लावली तर ती निम्मी दारू स्वतःच पिऊन बसली, वर तडकली. तांब्याची नळी चौकात कुठून मिळायची? मग त्याला देवळातली तुतारी आठवली. मधे सांध्यात तुटून तिचा खालचा तुकडा कधीच हरवला होता. वरचा वाकडा, फुंकायच्या तोंडाचा तुकडा देवळाच्या कोनाड्यात धूळ खात होता. धोंडी गुरवाला सहदेव म्हणाला, "दे, सांधून देतो." हे खोटंही नव्हतं. सांधणार होताच, कधीतरी.

तुतारीचं रुंद टोक मडक्याच्या तोंडावर बसवलं, कणकेनं लिंपलं, अंगावर ओलं फडकं गुंडाळलं, आणि फुंकायचं निमुळतं टोक लोट्यात सोडलं. काय नामी बसली! जणू देवानंच ती त्यासाठी वाकवली होती. पहिल्या उकळीला थेंब पडायला लागले तेव्हा सहदेवाला सोनाबाईला हाक मारावीशी वाटली, पण ती चिडून शेजारी गेली होती. दुसऱ्या खेपेला कडक आली. तिसऱ्या खेपेच्या दारूत वात बुडवून पेटवली, तर निळी जळाली. लडकूनं हात जोडले.

आता एकच खेप राहिली होती. होळी परवावर. पाच खुर्च्या आणि टेबल चकाकत उभी होती, सहाव्या खुर्चीवर दुपारीच पहिला हात फिरवला होता, आणि तिच्यापुरतंच इस्पिरिट कमी पडत होतं. सहदेवानं घाई केली. निखारे जास्त घातले. वाफ अंगात आल्यासारखी सुटली आणि निमुळत्या तोंडातून बाहेर पडताना तुतारी वाजली.

पोंऽऽऽ!

लहानसहान नव्हे. देवळात वाजायची तशी, भर गावात, सुताराच्या पडवीतून.

"बंद कर!" सहदेव ओरडला.

"फुंकत कोण हाय, बंद करायला?" लडकू ओरडला.

शेगडी ओढेपर्यंत ती आणखी दोनदा वाजली. लोक धावत आले. कुणाला वाटलं वरात आली, कुणाला वाटलं पालखी निघाली. धोंडी गुरव तर धोतर सावरत येऊन अंगणात हात जोडून उभाच राहिला. त्याला वाटलं, तुतारी सांधून झाली. आणि सगळ्यांच्या मागून, दुकानाची तपासणी टाकून, अबकारीचा शिपाई नागू आला.

नागू मोरांच्या झडपा उघडून वाकून आत बघू लागला. नाक होतंच त्याला.

"सुतार, दारू गाळतोस?"

"गाळत नाय. सरकारी दुकानातली गाळलेलीच हाय. मी नुस्ती उकळतो."

"कशाला?"

"टेबलाला," लडकू मधेच म्हणाला. गर्दीत हसं पिकलं.

सहदेवाला एकच सुचलं. चपडी लाखेची उरलेली पुडी त्यानं सगळ्यांदेखत लोट्यात उपडी केली आणि काडीनं ढवळली. ढवळता ढवळता लाख विरघळली, गुठळी नाही, पिठी नाही. लोट्यात मधासारखं तांबूस पालीश झालं. लडकूच्या तोंडून "आरं आरं आरं" असा आवाज निघाला. राहवेना म्हणून त्यानं बोट बुडवून चाटलं आणि मग त्याचे ओठ काही केल्या उघडेनात. डोळे तेवढे वाटोळे झाले.

"ही बघा दारू," सहदेव म्हणाला. "पाजा कुनाला पाजायची त्याला."

नागूनं लोटा हुंगला, लडकूकडे बघितलं. हा दारूचा गुन्हा की रंगाचा, हे त्याला ठरवता येईना. भट्टी म्हणावं तर तिला मोर, नळी म्हणावं तर ती देवाची तुतारी. गुरव तिला दोन्ही हातांनी धरून बसलेला. उन्हातून धावत आलेला माणूस तो. विचार करायला म्हणून मागे सरकला आणि हाताशी होती त्या खुर्चीवर बसला.

"नागूराव, ती नको!" सहदेव किंचाळला.

ती सहावी होती.

उठताना चर्र असा आवाज झाला. नागूच्या निळ्या विजारीचा मागचा तळहाताएवढा तुकडा खुर्चीनं ठेवून घेतला. गर्दीतल्या बायकांनी तोंडं फिरवली, काहींनी पुरती फिरवली नाहीत. सोनाबाईनं आपली घोंगडी आणून दिली. ती कमरेला गुंडाळून नागू म्हणाला, "ही भट्टी माझ्यासमोर मोड. आणि सुतार, विजार भरून द्यायची."

सहदेवानं मडकं दगडावर आपटलं. चौकटीला मात्र त्याचा हात लागेना. शेवटी सोनाबाईच म्हणाली, "र्‍हाऊ द्या ती, देव ठिवू त्यात," आणि नागूनं मान हलवली.

दुसऱ्या दिवशी आबाजी हमाल घेऊन आले. टेबलाजवळ थांबले, वाकले, आणि त्यात बघून पगडी सारखी केली. मग एकेक खुर्ची निरखत सहावीपाशी आले. घासून, लोट्यातलं पालीश दोनदा फिरवूनही बसायच्या फळीवर जाड्याभरड्या कापडाची वीण उमटलेली दिसत होती.

"हे काय रे? नक्षी?"

"शिपायाची हाय," सहदेव म्हणाला. "दुसरी फळी घालून देतो."

आबाजींनी जास्त विचारलं नाही. त्यांनी पुन्हा एकदा टेबलात पगडी बघितली. "चैत्रात वर ये. दारं मोजून घे. इस्पिरिट मी स्वतः आणून देईन, आणि तू ते लावेपर्यंत समोर बसेन."

चैत्रात सहदेव डोंगर चढला, दारांना लागला आणि लागलेलाच राहिला. नांगर करणं त्याचं सुटलं. चौकाच्या बाजारात मात्र तो मागच्या गल्लीनं जाऊ लागला. तरी नागू गाठायचाच. शिंप्यानं मागून भलत्याच रंगाचं ठिगळ लावलेलं, ते झाकायला हात पाठीमागे बांधून चालायचा, त्यामुळे लोकांना मोठा अंमलदार वाटायचा.

"सुतार, माझी विजार?"

"आनतो की, नागूराव. बसा तरी घटकाभर."

"बसायचं नाव काढू नकोस," नागू म्हणायचा आणि उभाच राहायचा.