अंकलची अडकलेली कॉर्ड

आमच्या शेजारच्या गिटारवाल्या अंकलनी एखादं गाणं शेवटपर्यंत वाजवलंय, असं सांगणारा माणूस अख्ख्या तोंडवलीत मिळायचा नाही. मधेच एक कॉर्ड लावतात, म्हणजे चार सूर एकदम, हाफ डिमिनिश्ड म्हणे तिचं नाव, आणि डोळे मिटून तिथेच बसतात. माझ्या पुतणीच्या लग्नात नवरा-नवरी नाचायला एकेक पाय उचलून उभी, आणि हे अडकले! नवरी ओरडली, "अंकल, पाय खाली ठेवू काय नको?" तर म्हणतात, "रव गो वायच, खालचो सूर बदलूक दी."

आता मी सातवी शिकलेली, मला तो खालचा सूर कळेना, पण विचारल्याशिवाय राहवेना. तर म्हणे वरच्या तारांवरची बोटं हलवायचीच नाहीत, नुसतं मधलं बोट जाड तारेवरून उचलायचं नाहीतर टेकवायचं. उचललं की सूर उदास, टेकवलं की घरी जायची घाई झाल्यासारखा. कागदावर कॉर्डच्या पुढे तिरकी रेघ मारून तो खालचा सूर लिहितात, ती स्लॅश कॉर्ड. "वरचे सूर तेच, मग वेगळं कसं वाटतं हो?" म्हटलं. "माशांचा तिखला ताच गो, भातावर एक चव, भाकरीवांगडा दुसरी!"

मी हसले, पण पोटात माझ्या भीतीच होती. माझा बाबू वर्षाचा झाला तरी हाकेला वळत नाही, टोप पडला तरी दचकत नाही. सासूबाई म्हणतात, "बापाशीवर गेलो. बापूस तरी खंय ऐकता?" सगळे हसतात, मीपण हसते, मग मोरीत जाऊन रडते. सोमवारी दवाखान्यात त्याचे कान तपासायचे आहेत.

काल राहवेना, त्याला कडेवर घेऊन धावतच गेले, म्हटलं, अंकल, मोठ्याने वाजवा, वळतो का बघू. त्यांनी ती कॉर्ड वाजवली. बाबू नाही वळला. मी घरी जायला वळले.

"हाड तेका हंय," अंकलनी जवळ बोलावलं. बाबूचा तळवा त्यांनी गिटारच्या पोटावर ठेवायला लावला आणि तीच कॉर्ड छेडली. मधलं बोट उचललं, टेकवलं, परत उचललं. दर वेळी बाबू आपल्या हाताकडे बघायचा, मग अंकलच्या तोंडाकडे.

"ऐकलं काय हो त्याने?"

"ता डॉक्टर सांगतलो. पण खालचो सूर बदललो, ता तेका कळला."

म्हणजे मी खूश व्हायचं की नाही, तेच समजेना. सोमवारी सोबत येता का, विचारलं. अंकल हळूच म्हणाले, "गिटार घेवन येव काय?"

या म्हटलं. हसतील तिथे सगळे. हसू देत. एकटीने त्या दारातून आत जायचा धीर नाही माझ्यात.