चाकांचा पाट

दाक्षायणीला पायांवर उभे करावयाचे असे ठरले, तेव्हा ती चुलीपुढे बसून भाकऱ्या थापत होती, आणि तिला कोणी काही विचारले नाही. १९७६ साली सोलापुरात एका धर्मादाय संस्थेने अपंगांसाठी शिबिर भरविले होते. न विचारता देण्याला उपकार म्हणण्याची रीत तेव्हाही होतीच.

लहानपणीच्या तापाने तिचे दोन्ही पाय लुळे पडले होते. वडील सोमलिंगप्पा गिरणीत सुतार होते. त्यांनी लेकीला चुलीपुढे बसवून, तिचा हात काठवटीपर्यंत आणि तव्यापर्यंत कुठवर पोचतो ते पाहून, एक बुटका पाट केला व त्याखाली भंगारातली बेअरिंगे बसविली. वडील गेले, पाट राहिला. त्यावर बसून ती घरभर सरकत असे. तिच्या कडक भाकऱ्या सात रस्ता चौकातल्या खानावळीत जात, आणि भाऊ तिप्पण्णाच्या संसारात ती कोणाच्या दयेवर नव्हती.

शिबिरात तिच्या शेजारी बिरप्पा नावाचा धनगर बसला होता. कडबा कापण्याच्या यंत्रात त्याचा उजवा हात गेला होता. संस्थेने दिलेला नवा हात त्याने मांडीवर ठेवला होता.

"बगा की, अक्का," तो म्हणाला, "बोटं हालत न्हाईत, पर रंग सायबाचा हाय! सासुरवाडीला मिरवाया ब्येस. मेंढरू धराया न्हाय."

त्या दिवशी दाक्षायणी हसली ती तेवढीच. तिच्या पायांना लोखंडी पट्ट्या आल्या, मांड्यांना चामड्याचे पट्टे, खाली जड बूट आणि काखांत कुबड्या. गुडघे मुळीच वाकत नव्हते. तिला उभी करून छायाचित्र घेतले गेले. मग डॉक्टरांनी तिप्पण्णाला बाजूला घेऊन बजावले, "तो पाट मोडून टाका. घरात राहिला, तर ही पुन्हा जमिनीवर येईल."

"व्हय साहेब," तिप्पण्णा म्हणाला. शिकलेल्या माणसाचा शब्द त्याने आजवर कधी मोडला नव्हता.

घरी पुढच्या सोप्यात गल्ली लोटली. भावजय नागव्वाने ओवाळले आणि आनंदाने गव्हाची गोड हुग्गी शिजविली. दाक्षायणीला स्टुलावर बसवून तिच्या हाती वाटी दिली. पाय समोर ताठ पसरले होते. तिने दोनदा मागून घेतली.

पहाटे पट्टे सोडून तिने हाक मारली, "तिप्पण्णा, पाट आण की. चूल पेटवायची हाय."

तो दारात घुटमळला. "पाट? अक्का, तो कालच्या हुग्गीत गेला की."

तिला आधी थट्टाच वाटली. मग ती हातांवर फरफटत चुलीपाशी गेली आणि राख उपसू लागली. काळी पडलेली बेअरिंगे हाताला लागली.

लोखंडी पाय लावून स्वयंपाक करणे शक्यच नव्हते. त्या लिंगायत घरात चुलीपाशी चामडे नेत नसत, आणि नेले असते तरी न वाकणाऱ्या गुडघ्यांनी चुलीपुढे बसणार कोण? जमिनीवरून तवा उंच पडे. पहिल्याच भाकरीला तिचे मनगट भाजले. भाऊ तिला पुन्हा संस्थेत घेऊन गेला.

"साहेब, गुडघ्यात वाकंल असं करा," ती म्हणाली, "आणि चामड्याच्या जागी जाड कापड लावा. मला बसता यायला पायजे."

अधिकाऱ्यांनी चष्मा काढून पुसला. "बाई, जन्मभर बसूनच होता ना? आम्ही उभे केले, आणि तुम्ही बसायला मागता?"

कचेरीत सगळे हसले. तिप्पण्णाही मान खाली घालून हसला. परतताना टांग्यात ती त्याला म्हणाली, "मग आप्पांनी केल्ता तसा पाट तरी करून घे."

"गल्लीत समद्यांनी तुला उभी बघितलीय, अक्का. आता परत जमिनीवर? मी तोंड कुटं दाखवू?"

चूल नागव्वाकडे गेली. आधी दयेपोटी, मग सवयीने. खानावळवाल्याला तिच्या जाड भाकऱ्या पसंत पडेनात आणि त्याने माणूस पाठविणे बंद केले. दाक्षायणी सोप्यात दाराला टेकून उभी राहू लागली. तिला कोणी टाकून बोलत नसे; कशासाठी हाकही मारत नसे.

वर्षअखेरीस संस्थेची पुस्तिका आली. तीत तिचे छायाचित्र होते आणि खाली छापले होते, ‘स्वावलंबी’. तिप्पण्णाने ते चौकटीत बसवून ती टेकून उभी राही त्या दारावर, तिच्याच डोक्याच्या वर लावले.

एका सकाळी आतून पीठ मळल्याचा आवाज येत होता. "नागव्वा," तिने दारातून म्हटले, "पीठ तरी हितं आणून दे. मी मळते."

नागव्वा पिठाच्या हातांनी बाहेर आली. तिने अक्काच्या दोन्ही हातांतल्या कुबड्यांकडे पाहिले.

"कोणत्या हातानं, अक्का?"

तो टोमणा नव्हता. तिला खरेच कळत नव्हते. नागव्वा आत गेली. तवा तापला होता.