सफेद्याचा जोड

जागेश्वर मूळचा सिहोऱ्याचा. घर धानाच्या शेतीचं, पण त्याचा हात बसला तो लोखंडावर. मँगनीजच्या खाणीत बारा वर्षं तो पंपांवर होता. फिटरची सगळी कामं करी, हजेरीपटावर मात्र नावापुढे हेल्परच लिहिलेलं असे. एकोणऐंशीच्या दिवाळीनंतर फिटरच्या जागेसाठी त्याचं नाव मॅनेजरसाहेबांच्या टेबलावर गेलं, आणि त्याच आठवड्यात साहेबांनी त्याला बंगल्यावर बोलावलं.

बंगल्यावरचं कॉफीचं यंत्र बिघडलं होतं. साहेबांच्या भावाने ते इटलीहून आणलेलं. आतल्या लहानशा बॉयलरमध्ये पाणी विजेवर उकळे, वरचा दांडा दाबला की ते भुकटीतून खाली येई आणि कपात काळी, दाट कॉफी उतरे. आता कपात थेंब पडत, आणि वाफ भलतीकडूनच निघे. नागपुरात कुणी त्याला हात लावला नव्हता.

जागेश्वरने ते उघडलं. आतली रबरी कडी वाळून तडकली होती. पंपाच्या रबरातून त्याने नवी कापली, घासली, बसवून पाहिली, पुन्हा घासली. बॉयलरचा जोडही गळत होता. तिथे त्याने सूत गुंडाळलं, वरून सफेद्याचा पांढरा लेप चोपडला आणि पान्याने जोड आवळला. पंपाचा प्रत्येक जोड तो असाच बांधी. त्यात विचार करण्यासारखं काही नव्हतं.

यंत्र चाललं. साहेबांनी पहिला घोट घेऊन डोळे मिटले. "जागेश्वर, तू तर डॉक्टर निघालास."

त्याची बायको सुलोचनाबाई बंगल्यावर भांडी घासायला जाई. संध्याकाळी ती हसत म्हणाली, "मले बी भेटली थे कॉफी. बाईसाहेबानं देल्ली. कडू जहर."

"मंग कायले पेली?"

"तुमच्या हातानं सुधरली म्हनून दोन घोट जास्त पेली."

तिसऱ्या दिवशी नत्थू पेंटर रजेच्या कागदासाठी वर्कशॉपमध्ये आला. त्याची दोन्ही मनगटं लोंबत होती. सही जमेना, तेव्हा कारकुनाने त्याचा अंगठा धरून टेकवला.

"सफेदा पोटात गेला याच्या," कुणीतरी म्हणालं. "तसल्याच हातानं बिडी वढे. डाक्टरनं सांगतलं."

जागेश्वर तेव्हा सफेद्याचा डबाच उघडत होता. पंपाचं पाणी नाल्यात जातं, ते कुणी पीत नाही. बंगल्यावरचं पितात. त्याने झाकण लावलं आणि सायकल काढली.

वाटेत त्याला सोपा मार्गही दिसला. ग्रीस द्यायचं आहे म्हणून यंत्र उघडावं, जोड पुसून घ्यावा. कुणाला कळणार नव्हतं. पण तीन दिवस पोटात गेलं होतं, ते पुसणार कसं?

साहेब व्हरांड्यात कप घेऊन बसले होते. "काय रे, ड्युटी सोडून?"

"साहेब, ते पिऊ नका. जोडाले मी सफेदा लावला. शिसं असते त्याच्यात, विष."

आत भांड्यांचा आवाज थांबला. साहेबांनी कप हळूच खाली ठेवला. "कोण कोण प्यायलं?"

"तुमी, बाईसाहेब." त्याने आत नजर टाकली. "अन् माही बायको."

"तिला कुणी दिली?"

बाईसाहेब दारातच उभ्या होत्या. त्या आत वळल्या.

साहेबांची जीप तुमसरच्या डॉक्टरांकडे निघाली. मागच्या दोन्ही जागा रिकाम्याच गेल्या. जागेश्वरने सुलोचनाबाईला सायकलच्या कॅरिअरवर बसवलं आणि जीपच्या धुळीतून तो मागोमाग गेला. डॉक्टर म्हणाले, एवढ्याशाने बहुधा काही होणार नाही; पोट दुखलं तर मात्र लगेच या.

परतताना ती मागून म्हणाली, "आता तुमाले फिटर कराचे नाईत."

"नाई करत."

"माहं काम बी गेलं असन."

त्याने मान हलवली. तिने त्याच्या सदऱ्याची कड धरली. "काहून सांगतलं, मी नाई इचारत," ती म्हणाली. "पन आधी मले येऊन सांगाचं होतं. सायबाले मंग."

चढ आला, तेव्हा तो खाली उतरला आणि तिला तशीच बसवून सायकल ढकलू लागला.