वरच्या वळणाचा थांबा

वरच्या वळणावरची आत्या म्हणजे कपड्यांची डॉक्टर. उसवलं, फाटलं, आखूड झालं की लोक तिचंच दार ठोठावत. पण पोट भरायचं ते खालच्या बाजारातल्या दुकानांच्या कामावर. सकाळी शिवलेले कपडे घेऊन ती पायी उतार उतरायची, संध्याकाळी नव्या कामाचं भलंमोठं गाठोडं घेऊन बसने वर यायची. गुडघे कधीच कामातून गेले होते, तोंड मात्र शाबूत होतं.

आईवेगळी भाची तिनेच वाढवली. पोरगी विद्यापीठात सार्वजनिक धोरण शिकायला लागली, तेव्हा म्हणजे नक्की काय, असं शेजारणीने विचारलं. सरकारला अक्कल शिकवायचं शास्त्र, असं आत्याने ठणकावलं. आता बोला!

भाचीने अभ्यासाला घेतली हीच बस. फार रखडते, थांबे कमी करा, हा तिचा निष्कर्ष. त्यासाठी घरी येऊन वळणाच्या थांब्यावर ती स्वतः आठवडाभर बसली होती. वर जाणाऱ्या बसमध्ये तिथे कोणी चढतच नव्हतं. परिवहन खात्याला पटलं आणि थांबा उडाला.

बस सुसाट झाली, पण वळणावरच्यांना खालच्या थांब्यापासून चढ पायी चढावा लागू लागला. चढावरचे लोक आत्याला टोमणे मारू लागले. पोरीचं डोकं तुम्हाला काय कळणार, असं ती गाठोड्यासकट धापा टाकत सुनावायची. शेवटी गुडघ्यांनी हात टेकले आणि तिने दुकानदारांना नाही म्हणून सांगितलं. भाचीपाशी मात्र अवाक्षर काढलं नाही. पोरीचा हिरमोड होईल, एवढीच तिला धास्ती.

सुट्टीत भाची आली, तर मशीनवर चादर पांघरलेली. तिने खोदून खोदून विचारलं, तेव्हा आत्या म्हणाली, "अगं, तिथे चढतंय कोण? सगळे उतरतात. तू मोजायला बसायचीस, तेव्हा मीही तुझ्यासमोरच उतरायचे. गाठोडं तूच तर घरी आणायचीस."

भाचीने कपाळावर हात मारला. रोज आत्याचं ओझं उचललं आणि आत्यालाच मोजलं नाही! तिला रडू आवरेना. कशाला बोलले मी, असं आत्याला होऊन गेलं.

दुसऱ्याच दिवशी भाची खात्यात गेली. मागोमाग प्राध्यापकांपुढेही, माझा अभ्यास चुकलाय, असं स्वतःच्या तोंडाने सांगून आली. बऱ्याच खेट्यांनंतर थांबा परत मिळाला. बाजारातलं काम मात्र तोवर दुसरीकडे गेलं होतं.

तरी आत्या संध्याकाळी बसनेच वर येते. हातात कधी भाजीची पिशवी असते, कधी काहीच नसतं. शेजारीण विचारते, रिकामी कशाला खाली-वर करतेस गं?

"पोरीने एवढं भांडून आणलाय थांबा," आत्या म्हणते. "कोणीतरी उतरायला नको?"