स्प्रिंगच्या शेजारची खुंटी

आमच्या मंडळाच्या खोलीत स्प्रिंग आला की आधी सोफ्याला कळतं. धपकन बसणार, दोनदा उसळणार, कान देऊन ऐकणार आणि जाहीर करणार, "डावीकडची स्प्रिंग कुरकुरतेय." सोफे दुरुस्त करणं हा त्याचा धंदा, म्हणून हे नाव.

मंडळ म्हणजे पुरुषांवर जीव लावणाऱ्या पुरुषांचं. रविवारी जमायचं, चहा प्यायचा आणि जो आला नाही त्याच्याबद्दल बोलायचं. भिंतीवर प्रत्येकाच्या कपाची खुंटी. कुणाचं जमलं की त्याच्या शेजारी नव्या माणसाचा कप लटकतो. आमच्यात हेच लग्न. रुसवेफुगवे मात्र तेवढेच.

स्प्रिंगच्या शेजारी बरीच वर्षं पाववाल्याचा कप होता. पाववाला परगावी गेला, जाताना कप आणि खुंटी दोन्ही घेऊन गेला, आणि स्प्रिंगनं उसळणंच सोडलं. त्यामुळे त्या रविवारी तो दारातूनच "माझं जमलं" म्हणाला तेव्हा खोलीत नुसती धांदल. आमचे अध्यक्ष पोस्टमनकाका तर नाचायचेच बाकी.

"कोण? कुठला? करतो काय?"

"बाई आहे, काका. बंदरात क्रेन चालवते."

सगळे खो खो हसले. स्प्रिंग हसला नाही. मग एकेकाचं हसू विरलं.

"म्हणजे दोन्ही डगरींवर हात," केस कापणारा कात्री म्हणाला. "सोय बघितलीस."

"सोय कसली डोंबलाची? तिची शिफ्ट पहाटे सुरू होते."

"मग पाववाला काय होता? टाइमपास?"

हे लागलं. "त्याच्यासाठी मी रडलो ते तुझ्याच खुर्चीत, अर्धी हजामत झालेली असताना. विसरलास? मी बायसेक्शुअल आहे हे पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. तुम्ही म्हणालात, होईल हळूहळू सगळं नीट."

काका खाकरले. "तिचा कप इथे कसा लागणार रे? आणि तुझ्या कपाचं… बघू."

त्या 'बघू'वर स्प्रिंग चहा न पिताच उठला.

त्याच्या घरी वेगळाच आनंद. "सुधारलास बाई एकदाचा," म्हणत आई पाववाल्याचा फोटो काढायला स्टुलावर चढलेली.

"आई, मी बिघडलोच नव्हतो. राहू दे तो. हिचा शेजारी लाव."

जन्मात पहिल्यांदा त्याच्या आईचं आणि आमच्या मंडळाचं एकमत झालं होतं: पोरगा तिकडचा झाला.

पुढच्या रविवारी दार उघडलं तर स्प्रिंगच्या हातात ड्रिल, मागे क्रेनवाली, तिच्या हातात पिवळा कप.

"खुंटी मागायला नाही, बसवायला आलोय," तो म्हणाला. "नको असेल तर माझाही कप द्या. दोन्ही घरी नेतो."

कात्रीनं आधी क्रेनवालीला गाठलं. "उद्या हा एखाद्या पुरुषाबरोबर पळाला तर?"

"पळायचाच असेल तर बाईबरोबरही पळेल. तुमचे ते गेल्या वर्षी तुम्हाला सोडून गेले म्हणे. ते तर फक्त पुरुषांकडेच बघायचे ना?"

काकाच असे हसत सुटले की त्यांचा चहा सांडला. डोळे पुसत त्यांनी स्टूल ओढलं आणि स्वतः धरून ठेवलं. "चढ. पण भिंत जुनी आहे, जपून."

ड्रिल सुरू झालं आणि प्रत्येकाला सुतारकाम येऊ लागलं. वर घे, खाली घे, अरे तिरकं जातंय. स्क्रू हातातून निसटून कात्रीच्या पायाशी गेला. त्यानं तो बराच वेळ नुसता पाहिला, मग उचलून वर दिला.

"वाकडी बसलीय," तो पुटपुटला.

"पडणार नाही ना, बास," स्प्रिंग म्हणाला.

पिवळा कप लागला. क्रेनवाली सोफ्यावर धपकन बसली, दोनदा उसळली, कान देऊन ऐकलं.

"उजवीकडचीही कुरकुरतेय."

स्प्रिंग स्टुलावरून उतरला नाही. त्यानं उडीच मारली.